विश्लेषण : जायकवाडीचा तळ कोण मोजणार? हायड्रोग्राफीचे पदव्युत्तर शिक्षण छत्रपती संभाजीनगरात सुरू करायचे तर काय लागेल?

पाऊस कमी झाला की ऑक्टोबरमध्ये एकच प्रश्न चर्चेत येतो : जायकवाडी किती टक्के? या आकड्यावरून अहिल्यानगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचे की नाही हे ठरते, आंदोलने होतात, प्रकरण न्यायालयात जाते. मात्र ही टक्केवारी ज्या तळावर उभी आहे, तो तळ पाण्याखाली असतो आणि गाळामुळे बदलत राहतो.

हा तळ शास्त्रीय पद्धतीने मोजण्याच्या विद्येला हायड्रोग्राफी म्हणतात. मराठीत तिला जलसर्वेक्षणशास्त्र म्हणता येईल. ती प्रामुख्याने समुद्राशी आणि नौदलाशी जोडली गेली असली, तरी समुद्रापासून दूर असलेल्या छत्रपती संभाजीनगरलाही तिची गरज आहे. हे शिक्षण कुठे मिळते, त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम कसा उभा राहतो आणि या शहरात त्यासाठी काय उपलब्ध आहे, याचा हा आढावा.

जायकवाडीची टक्केवारी कशी काढतात?

धरणात पाणी किती आहे, हे कोणी थेट मोजत नाही. मोजली जाते ती फक्त पाणीपातळी. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट आहे. रोजची पातळी नोंदवली जाते आणि ‘या पातळीला इतका साठा’ असे सांगणाऱ्या तक्त्यातून साठ्याचा आकडा काढला जातो.

हा तक्ता जलाशयाच्या तळाच्या आकारावरून तयार होतो. कागदोपत्री जायकवाडीची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी) आहे. त्यापैकी २,१७० दलघमी म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी उपयुक्त साठा आणि ७३८ दलघमी म्हणजे सुमारे २६ टीएमसी मृतसाठा.

धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झाले. त्यानंतरच्या जवळपास पन्नास पावसाळ्यांत गोदावरी आणि प्रवरेने आणलेला गाळ नाथसागरात बसत आला आहे. तरीही दैनंदिन अहवालात उपयुक्त साठ्याची क्षमता २,१७० दलघमीच धरली जाते. भांड्याचा तळ वर येत असताना बाहेरच्या खुणा जुन्याच ठेवल्या, तर आतले पाणी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते.

एका टक्क्याने काय फरक पडतो?

उपयुक्त साठ्याचा एक टक्का म्हणजे २१.७ दलघमी, अर्थात २,१७० कोटी लिटर. शहराला दिवसाला १४ कोटी लिटर पाणी लागते असे उदाहरणादाखल धरले, तर हे पाणी पाच महिने पुरेल.

कायद्याच्या बाजूने हा आकडा आणखी महत्त्वाचा ठरतो. मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये समन्यायी पाणीवाटपाचा आदेश दिला. त्यानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर ऊर्ध्व भागातील धरणांतून पाणी सोडण्याचा विचार होतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे हे तत्त्व मान्य केले. निकषांच्या फेरविचारासाठी २०२३ मध्ये अभ्यासगटही नेमण्यात आला.

त्याच वर्षी गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने वरच्या धरणांतून सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश दिला होता. जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याशी तुलना केल्यास हे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. त्यावरून मोठा संघर्ष झाला. ६५ टक्के योग्य की अयोग्य, हा धोरणाचा वाद आहे. पण हे टक्के कशाचे, हा मोजमापाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर दोन्ही बाजूंना मान्य होईल असे असले पाहिजे.

मृतसाठ्याचा प्रश्न तर थेट पिण्याच्या पाण्याशी जोडलेला आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला आणि मृतसाठ्यातून पाणी घ्यावे लागले. गाळ मृतसाठ्याच्या भागातही बसतो. कागदावरच्या २६ टीएमसीपैकी पाणी किती आणि चिखल किती, याचे उत्तर दुष्काळात शोधून उपयोगाचे नाही. ते आधीच हाती असावे लागते.

हायड्रोग्राफी म्हणजे नेमके काय?

हायड्रोग्राफी आणि हायड्रॉलॉजी या दोन शब्दांत अनेकांची गल्लत होते. हायड्रॉलॉजी म्हणजे जलविज्ञान. पाऊस किती पडला, किती वाहिला, किती मुरला, पूर कधी येईल, याचा त्यात अभ्यास होतो. हायड्रोग्राफी पाण्याखालच्या जमिनीचे, खोलीचे, किनाऱ्याचे, पातळीचे आणि प्रवाहाचे मोजमाप करून नकाशा बनवते.

गंमत म्हणजे देशात दोन ‘एनआयएच’ आहेत. रुरकीची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हायड्रॉलॉजी जलविज्ञानाची, तर गोव्याची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हायड्रोग्राफी जलसर्वेक्षणाची. प्रवेश घेताना विद्यार्थ्यांनी हा फरक लक्षात ठेवायला हवा.

जहाजांसाठी लागणारे सागरी नकाशे बनवणे हे हायड्रोग्राफीचे पारंपरिक काम. भारतात ते नौदलाच्या अखत्यारीतील डेहराडूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय करते. २०२४ मध्ये ‘आयएनएस संधायक’ आणि ‘आयएनएस निर्देशक’ ही नवी सर्वेक्षण जहाजे नौदलात दाखल झाली. बंदरातील गाळउपसा, समुद्राखालच्या केबल आणि पाइपलाइन, पुलाचे खांब, धरणातला गाळ या सगळ्यांसाठी हीच विद्या लागते.

तळ मोजतात कसा?

पूर्वी शिसाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली मोजत. आता हे काम ध्वनी करतो. बोटीखाली बसवलेला इको साउंडर पाण्यात ध्वनीचा स्पंद सोडतो. तळावर आपटून परत यायला त्याला किती वेळ लागला, यावरून खोली कळते. आठ मीटर पाण्यात ही फेरी साधारण एक शतांश सेकंदात पूर्ण होते. त्याच क्षणी बोट कुठे आहे, हे उपग्रहाधारित प्रणालीने सेंटीमीटरच्या अचूकतेने नोंदवले जाते.

सिंगलबीम यंत्र बोटीच्या थेट खालची एक रेघ मोजते. मल्टिबीम यंत्र खोलीच्या चार-पाच पट रुंदीचा पट्टा एकाच वेळी मोजते. जायकवाडी मात्र पसरट आणि उथळ आहे. पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा साधारण ३५० चौरस किलोमीटर असतो. एकूण क्षमतेला या क्षेत्रफळाने भागले, तर सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास येते. म्हणजे मल्टिबीमचा पट्टा फार तर ३०-४० मीटर रुंद. प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्याला लागून घ्यायचा झाला, तर बोटीला सुमारे १० हजार किलोमीटर फिरावे लागेल. त्यामुळे किती अंतरावर रेघा घ्यायच्या आणि मधला भाग गणिताने कसा भरायचा, हा निर्णय अनुभवी सर्वेक्षकालाच घ्यावा लागतो.

छोटी चूक किती महाग पडते?

ध्वनीचा पाण्यातला वेग तापमानानुसार बदलतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे १,४८२ मीटर, तर ३० अंशांना सुमारे १,५०९ मीटर असतो. पाणी ३० अंशांचे असताना यंत्रात २० अंशांचा वेग भरला, तर आठ मीटरला सुमारे १४ सेंटीमीटरची चूक होते. ३५० चौरस किलोमीटरवर ही चूक पसरली, की हिशेबात सुमारे १.७ टीएमसी पाण्याचा फरक पडतो. ही चूक टाळण्यासाठी पाण्यातला ध्वनीचा वेग मोजणे, ठरावीक खोलीवर धातूची पट्टी सोडून यंत्र तपासणे म्हणजेच ‘बार चेक’ करणे, असे उपाय केले जातात.

मऊ गाळ हा दुसरा पेच. सुमारे २०० किलोहर्ट्झचा उच्च वारंवारतेचा ध्वनी गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो. ३० किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी मऊ गाळात शिरून खालच्या घट्ट थरापर्यंत जाऊ शकतो. दोन्ही वापरले तर गाळाच्या जाडीचा अंदाज येतो. पण मग ‘तळ’ कशाला म्हणायचे? हे ठरवण्यासाठी गाळाचे नमुने काढावे लागतात.

इथे समुद्र आणि धरण यांच्या गरजा वेगळ्या होतात. जहाजासाठी मार्गातला सर्वांत उथळ बिंदू महत्त्वाचा, कारण तोच बुडाला लागतो. धरणासाठी सरासरी महत्त्वाची. इकडेतिकडे होणाऱ्या लहान चुका लाखो मोजमापांत एकमेकींना खोडून काढतात. एकाच दिशेने होणारी चूक मात्र तशीच राहते आणि पाण्याच्या हिशेबात शिरते.

उपग्रहाने भागत नाही का?

काही प्रमाणात भागते. वेगवेगळ्या पातळ्यांना पाण्याचा पसारा किती, हे उपग्रह प्रतिमांवरून काढून त्या पातळ्यांमधली क्षमता ठरवता येते. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी) जलाशयांच्या अभ्यासात हे तंत्र वापरते. ही पद्धत स्वस्त आणि जलद आहे.

मर्यादा एवढीच, की पाणी जिथवर उतरते तिथवरच उपग्रहाला दिसते. कायम पाण्याखाली राहणाऱ्या मृतसाठ्याचा तळ त्याला दिसत नाही. तिथे बोट घालण्यावाचून पर्याय नाही.

हे शिक्षण सध्या कुठे मिळते?

देशातले प्रमुख केंद्र म्हणजे गोव्यातील नौदलाची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हायड्रोग्राफी. नौदलाच्या अधिकाऱ्यांबरोबरच बंदरे, अन्य संस्था आणि मित्रदेशांतील प्रशिक्षणार्थीही तिथे शिकतात. तिचे अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त असून, गोवा विद्यापीठाशी असलेल्या संलग्नतेमुळे हायड्रोग्राफीत एम.एस्सी. पदवीची वाटही खुली झाली आहे. प्रशिक्षण एका संस्थेचे आणि पदवी विद्यापीठाची, अशी ही रचना आहे.

परदेशातही अशीच उदाहरणे दिसतात. अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न मिसिसिपीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हायड्रोग्राफिक सायन्सचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. तो चालतो स्टेनिस स्पेस सेंटरच्या परिसरात, जिथे अमेरिकी नौदलाचे सागरविज्ञान कार्यालय आहे. युनिव्हर्सिटी ऑफ न्यू हॅम्पशायरचे केंद्र ‘नोआ’ या सरकारी संस्थेच्या भागीदारीतून उभे राहिले. ज्याला प्रशिक्षित माणसे हवी आहेत, त्यालाच सुरुवातीपासून सोबत घेतले तर अभ्यासक्रम टिकतो, हे यातून दिसते.

आंतरराष्ट्रीय मान्यता कशी मिळते?

१९२१ मध्ये स्थापन झालेल्या आणि मोनॅकोत मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय हायड्रोग्राफिक संघटनेचा (आयएचओ) भारत सदस्य आहे. सर्वेक्षक आणि नकाशाशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनांसोबत तिचे एक संयुक्त मंडळ अभ्यासक्रमांची तपासणी करते. हायड्रोग्राफिक सर्वेक्षकांसाठी ‘कॅटेगरी ए’ आणि ‘कॅटेगरी बी’ असे दोन स्तर आहेत. ‘बी’मध्ये प्रत्यक्ष सर्वेक्षणाच्या कौशल्यावर भर असतो. ‘ए’मध्ये त्यामागचे शास्त्र, नियोजन आणि निर्णयक्षमता अपेक्षित असते. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे लक्ष्य अर्थातच ‘ए’ असते.

‘ए’च्या निकषांत गणित, भौतिकशास्त्र, भूमापन, ध्वनीशास्त्र, सागरविज्ञान, भूगर्भशास्त्र, भरती-ओहोटी, दूरसंवेदन, माहिती-व्यवस्थापन आणि कायदा हे सारे येते. शिवाय किमान चार आठवड्यांचा प्रत्यक्ष क्षेत्र प्रकल्प सक्तीचा आहे. मोहिमेचे नियोजन, मोजणी, आकडेमोड आणि अहवाल असे सगळे त्यात विद्यार्थ्यांनी करायचे असते.

छत्रपती संभाजीनगरात काय उपलब्ध आहे?

शहरात आवश्यक तुकडे विखुरलेले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ पासून आहे आणि त्याच्या संगणकशास्त्र विभागात उपग्रह प्रतिमा व भूमाहितीवर संशोधन होत आले आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखा आहे. पैठण रस्त्यावर कांचनवाडीला १९८० मध्ये स्थापन झालेली जल व भूमी व्यवस्थापन संस्था (वाल्मी) जलसंपदा विभागाच्या अभियंत्यांना प्रशिक्षण देते. गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाचे मुख्यालयही याच शहरात आहे. आणि साधारण ५० किलोमीटरवर नाथसागर, म्हणजे तयार प्रयोगशाळा.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला साधारण ८० ते ८८ श्रेयांक असतात. त्यात कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक आणि संशोधन प्रकल्प यांचा समावेश असतो. चार आठवड्यांचा क्षेत्र प्रकल्प या चौकटीत सहज बसू शकतो. कागदोपत्री वाट नेहमीचीच आहे : अभ्यास मंडळ, विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद आणि शासनाची मान्यता.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण समुद्राची. नाथसागराला भरती-ओहोटी नाही, लाटांचा मोठा मारा नाही, जहाजांची वर्दळ नाही. केवळ जलाशयावर शिकवून ‘कॅटेगरी ए’ मिळणार नाही. त्यासाठी गोव्यातील संस्थेशी किंवा कोकणातील एखाद्या बंदराशी करार करून सागरी सत्र तिकडे घ्यावे लागेल. पुण्याजवळच्या खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था हा आणखी एक नैसर्गिक भागीदार ठरू शकतो.

दुसरी अडचण शिक्षकांची. प्रत्यक्ष सर्वेक्षण केलेले आणि विद्यापीठाच्या पात्रता निकषांतही बसणारे लोक मोजके असतात. नौदलातून आणि बंदरांतून निवृत्त झालेल्या सर्वेक्षकांना ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून घेण्याची सोय विद्यापीठ अनुदान आयोगाने आता केली आहे. तिचा इथे उपयोग होऊ शकतो.

तिसरी अडचण यंत्रांची. मल्टिबीम प्रणाली, बोट, स्थाननिश्चितीची उपकरणे आणि सॉफ्टवेअर हा खर्च एका विभागाला पेलणारा नाही. शिवाय यंत्र घेतल्यावर ते वर्षभर कामात राहिले पाहिजे, नाहीतर कपाटात धूळ खात पडते. विद्यापीठाने धरणांची सर्वेक्षणे प्रकल्प म्हणून घेतली, तर विद्यार्थ्यांना काम आणि विभागाला उत्पन्न मिळू शकते. पण जायकवाडीसारख्या वादग्रस्त धरणाचे आकडे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून थेट अधिकृत होऊ शकत नाहीत. त्यासाठी स्वतंत्र पडताळणी आणि मूळ माहिती सर्वांना खुली ठेवण्याची अट लागेल.

शिकून नोकरी मिळेल का?

हा प्रश्न पालक पहिला विचारतील आणि तो रास्तच आहे. बंदरे, गाळउपसा कंपन्या, समुद्रातील तेल-वायू आणि पवनऊर्जा प्रकल्प, केबल टाकणाऱ्या कंपन्या, सर्वेक्षण करणाऱ्या खासगी संस्था ही प्रमुख क्षेत्रे आहेत. पालघर जिल्ह्यातील ७६ हजार २०० कोटींच्या वाढवण बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. असे बंदर उभारताना आणि नंतर ते चालवताना तळाची मोजणी सतत करावी लागते. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले आहेत. त्यांच्या खोलीची मोजणीही याच क्षेत्रात येते.

अंतर्गत जलाशयांसाठी धोरणाचाही आधार आहे. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात २०३५ पर्यंत अंतर्गत जलाशयांच्या तळाची उच्च अचूकतेची माहिती तयार करण्याचे उद्दिष्ट आहे. राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. किती गाळ काढला, हे डंपरच्या फेऱ्यांवरून सांगता येते. किती शिल्लक आहे, हे सांगायला सर्वेक्षणच लागते.

तरीही सावधगिरी हवी. या क्षेत्रात पदे मर्यादित असतात आणि बरेच काम घरापासून दूर, बोटीवर असते. ६० जणांची तुकडी भरून नोकरीसाठी वणवण करायला लावण्यापेक्षा १०-१५ विद्यार्थ्यांची छोटी तुकडी शहाणपणाची ठरेल.

सुरुवात कुठून होऊ शकते?

एकदम एम.एस्सी.ची घोषणा करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने जाणे व्यवहार्य आहे. आधी स्थापत्य अभियंते आणि जलसंपदा कर्मचाऱ्यांसाठी जलाशय सर्वेक्षणाचा अल्पकालीन प्रमाणपत्र अभ्यासक्रम, मग पदव्युत्तर पदविका आणि शिक्षक, बोट, भागीदार जुळले की ‘कॅटेगरी ए’ मान्यतेच्या दिशेने पूर्ण पदवी. पहिला क्षेत्र प्रकल्प जायकवाडीऐवजी शहराजवळच्या एखाद्या लहान तलावावर करता येईल. लहान तलावाची क्षमता दोन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजून ताडून पाहणे सोपे असते आणि चुकले तर पाणीवाटपाचा तंटा उभा राहत नाही.

समन्यायी वाटपाचा तोडगा राजकीय आणि कायदेशीर पातळीवरच निघेल. हायड्रोग्राफी तो काढून देणार नाही. मात्र नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा एका टेबलाशी बसतील तेव्हा समोरचा तक्ता कोणत्या वर्षीच्या तळावरून बनवला आणि त्यातली चूक जास्तीत जास्त किती असू शकते, हे ठामपणे सांगणारा माणूस तिथे असायला हवा. सध्या असा माणूस घडवायचा, तर गोव्याची वाट धरावी लागते.